थांबल्यावर पडलेला तारवाला

धावत्या सायकलवरून पडतात ती पोरं. थांबलेल्या सायकलवरून पडायला वय लागतं.

तो असाच पडला. चौकात सिग्नल लाल झाला, सगळ्यांनी ब्रेक दाबले, त्यानेही दाबला. पुढून एक बाई रस्ता ओलांडत होती. पांढरे आखूड केस, निळी ओढणी, हातात जेवणाचा डबा, आणि चाल अशी की रस्ता हिच्याच नावावर आहे. त्याने बघितलं. बघतच राहिला... आणि पायातल्या बुटांचं विसरला.

ते बूट साधे नव्हते. अडुसष्टाव्या वर्षी हौसेने घेतलेले, तळाला खटका असलेले. एकदा पेडलला अडकले की माणूस आणि सायकल एकच. थांबायच्या आधी टाच बाहेर झटकायची, मग पाय सुटतो. नाही झटकली तर काय? तर सगळ्या चौकासमोर, एकदम सावकाश, कपाट आडवं व्हावं तसा तो आडवा झाला. सायकलसकट.

बाई परत फिरली. वाकून म्हणाली, "पाय हलवू नका."

"हलवायलाच बघतोय. सुटत नाहीये."

"अच्छा. मला वाटलं, मला बघून लोटांगण घातलंत."

"घातलं असतं हो... पण आधी ओळख तरी पाहिजे."

आता सांगा, रस्त्यावर पडलेला, गुडघा सोललेला, मागे लोक हॉर्न बडवतायत, आणि माणूस असं बोलतो! बाईला हसू आलं. तिने ते दाबलं आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

तिने बोटं जराशी दाबली.

"आई गं!"

"दुखतंय. चला, माझं दुकान समोरच आहे."

तिचं दुकान म्हणजे हाडांच्या दवाखान्यातली एक्सरेची खोली. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी घरी बसवत नाही म्हणून ती इथे अर्धा दिवस यायची. सगळे तिला फोटोबाई म्हणायचे. डॉक्टरांनी खांदा बघितला, चिठ्ठी लिहिली, आणि पाच मिनिटांत तो शर्ट काढून थंडगार पाटीला छाती लावून उभा होता.

"हनुवटी वर. खांदे सैल. पोट आत ओढायची गरज नाही, ते फोटोत येत नाही."

"सवय हो."

"बोलू नका. श्वास धरा."

त्याने धरला. ती काचेमागे गेली, बटण दाबलं, पडद्यावर फोटो उमटला. आणि बाई तिथेच थांबली.

गळ्याखालचं हाड. डावीकडचं. कधीतरी मोडून जुळलेलं, पण सरळ नाही. मध्ये झाड आलं म्हणून रस्ता जसा वळसा घेतो ना, तसं. चेहरे बदलतात, केस जातात, पोट येतं, पण जुळलेलं हाड आहे तसंच राहतं. बाईने आयुष्यभरात हजारो फोटो काढले असतील. नेमकं याच जागी, याच कोनात मोडलेलं हाड तिने एकदाच बघितलं होतं.

पलीकडून बारीक, दबलेला आवाज आला, "सोडू का? ...मागच्या वेळी पण तुम्ही विसरला होतात."

*

मागची वेळ म्हणजे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा ती एकवीस वर्षांची, मोठ्या सरकारी दवाखान्यात शिकाऊ. केसांची लांब वेणी, अंगापेक्षा मोठा पांढरा कोट, आणि जगावर राग. शाळेत सगळे म्हणायचे हिचं काही होणार नाही, म्हणून हिने ठरवलेलं की मशीनवरचं एकही काम चुकायचं नाही.

आणि तो तारवाला. चोवीस वर्षांचा, खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, खाली घंटी नसलेली सायकल. घंटी का नाही? तर म्हणे, "तार आली की लोक आधीच घाबरतात. वर घंटी कशाला?" घरोघरी तारा पोचवायचा. कुणाला मुलगा झाला, कुणाचं कोण गेलं, सगळं आधी त्याच्या पिशवीत. त्या दिवशी ओल्या उतारावर चाक घसरलं आणि गळ्याखालचं हाड मोडलं. तरी उरलेल्या तीन तारा पोचवून मग दवाखान्यात आला. एका हाताने सायकल चालवत! वेडाच.

"एवढं काय अडलं होतं?" ती डाफरली.

"तिसरी तार चांगल्या बातमीची होती. ती द्यायला मजा येते."

त्याच्या कपाळावर पावसाचे थेंब होते. दुखण्याने ओठ पांढरे पडलेले, तरी डोळे हसत होते. तिने त्याला पाटीसमोर उभं केलं, म्हणाली, "श्वास धरा," बटण दाबलं... आणि पुढचा शब्द विसरली. रोज पन्नास वेळा म्हणायची तो शब्द. बघत राहिली नुसती.

तोही असला इमानदार की सोडलाच नाही. लाल झाला, मग जांभळा. तेवढ्यात तिच्या वरच्या बाई आत आल्या आणि किंचाळल्या, "अगं ए! फोटो काढतेयस की जीव काढतेयस?"

त्याला हसू फुटलं, खोकला आला, हाड दुखलं, सगळं एकदम. ती कोटाच्या बाहीत तोंड लपवून पळाली.

सहा आठवड्यांनी परत फोटो काढायला यायचं होतं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंब केलं. कुणाला दिसणार नाही एवढं. पण पाचव्या आठवड्यात तिची बदली झाली, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. शिकाऊ पोरीला कोण विचारतं?

सहाव्या आठवड्यात तो आला. केस नीट विंचरून. मशीनवर वरच्या बाई होत्या. त्यांनी "श्वास धरा" म्हटलं आणि लगेच "सोडा"ही म्हटलं. फोटो छान आला म्हणे.

मग काय, ज्याचं त्याचं आयुष्य. त्याचं लग्न झालं, लेक झाली, तारा बंद झाल्या, बायको आठ वर्षांपूर्वी गेली. तिचं लग्न झालं, नवरा भला माणूस, तोही गेला. कुणाचं कुणावाचून अडलं नाही. पण कॅलेंडर बदललं की तिला ते टिंब आठवायचं. बस, एवढंच.

*

खांदा नुसता मुरगळला होता. पण डॉक्टर म्हणाले, या वयात पडलाच आहात तर हाडं किती भरीव आहेत तेही मोजून घ्या. मशीन फोटोबाईंचंच.

"माझी काय मोजता?" तो पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला. "रोज चाळीस किलोमीटर सायकल. चोवीस वर्षांचा होतो तेव्हापासून. लोखंड आहे लोखंड!"

बाई आकडे बघत होती.

"काय झालं? सोन्याचं निघालं का?"

"खडूचं." तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "रागवू नका. हृदय तुमचं घोड्याचं आहे, मांड्या पैलवानाच्या. पण कंबर आणि खुबा... फार पातळ झालंय हाड."

"असं कसं? एवढा व्यायाम—"

"बसून केलेला. हाडाला वजन पेलावं लागतं हो, दणका लागतो. पाय जमिनीवर आपटला की ते म्हणतं, अच्छा, मला मजबूत व्हायला पाहिजे. तुमचा पाय जमिनीला लागतोच कुठे? चव्वेचाळीस वर्षं तुम्ही खुर्चीतच बसलात. खुर्ची पळत होती एवढंच."

त्याने आपल्या पायांकडे बघितलं. मग एकदम बारक्या आवाजात, "सायकल बंद?"

"कोण म्हणालं? डॉक्टर औषध देतील ते घ्यायचं, जिने चढायचे, चालायचं, वजनं उचलायची. ते खटक्याचे बूट माळ्यावर टाकायचे. आणि वर्षभर उतारावर सुसाट सुटायचं नाही."

"चालायला सोबत लागते."

"लेक आहे ना?"

"ती फार भराभर चालते."

बाईने चष्मा पुसला. स्वच्छच होता तो. "मी साडेपाचला सुटते," ती म्हणाली.

मग सुरू झालं. संध्याकाळी साडेपाच, दवाखान्याचा मागचा जिना, चार मजले वर, चार मजले खाली. तो दोन हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन धापा टाकायचा, ती पुढे.

"चाळीस किलोमीटर म्हणे! चार मजल्यांत जीभ बाहेर."

"मागून बरं दिसतं, म्हणून हळू येतोय."

"पुढे या. मुकाट पुढे या!"

तिसऱ्या मजल्यावर खिडकी होती. तिथे थांबायचं असं दोघांनी न ठरवता ठरवलं होतं. तिथून पाण्याच्या टाकीची टेकडी दिसायची, तिच्यावरून वळणं घेत उतरणारा रस्ता दिसायचा. तो तारांच्या गोष्टी सांगायचा, ती हाडांच्या. एकदा पायरीवर त्याचा तोल गेला आणि तिने मनगट धरलं. तोल सावरला, तरी पुढचे दोन मजले मनगट तिच्याच हातात होतं.

दोन महिने गेले. आणि मग लेकीचा फोन आला.

"मावशी, तुम्ही तरी सांगा. बाबांच्या खिशात टेकडीच्या शर्यतीचा नंबर सापडलाय. परवाच आहे. आणि ते बूट माळ्यावरून खाली आलेत."

त्या दिवशी खिडकीपाशी बाई थांबली ती हाताची घडी घालून. "कधी सांगणार होतात?"

"जिंकून आल्यावर." तो हसला. ती हसली नाही, तसा तोही थांबला. "अहो, वीस वर्षं म्हाताऱ्यांच्या गटात... म्हणजे आधी तरुणांच्या... टेकडीवरून पहिला मी उतरतो. आमच्या सायकलवाल्या टोळीतले सगळे वाट बघतायत. एकदाच. शेवटचं."

"माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं," बाई म्हणाली. "मोरीत पाय घसरून. फोटो मीच काढला. ती परत उभी राहिली नाही. सहा महिने मी तिच्या उशाशी होते, मग तेही संपलं." तिचा आवाज चिरकला, त्याचा तिला रागच आला. "मला तुमचं हाड आतून माहितीय. बाकी लोक तुम्हाला जिंकताना बघतील. मला फक्त खुबा दिसेल. मी नाही येणार खाली उभी राहायला. एकदा कॅलेंडरवर टिंब करून वाट बघितली, आता... आता नाही होणार माझ्याच्याने."

"कसलं टिंब?"

ती जिना उतरून गेलीसुद्धा. भराभर. लेकीपेक्षा भराभर.

*

शर्यतीच्या सकाळी बारीक भुरभुर होती. रस्ता चकाकत होता.

नाही येणार म्हणालेली बाई टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली उभी होती. छत्री होती, पण उघडायची राहून गेली होती. (माणसाने शब्द पाळावा हे खरं, पण सगळेच पाळायचे म्हटलं तर जगणार कसं?) शेजारी लेक, नखं खात.

वरून शिट्टी ऐकू आली. एक सायकल झूप करून गेली. दुसरी. चार एकदम. बाई प्रत्येक हेल्मेटखाली बघत होती. दहा झाले, अकरा झाले. पहिला आलेला टोळीतला ढेरपोट्या स्वतःच चकित होऊन विचारत फिरायला लागला, "म्हातारा कुठाय? म्हातारा कुठाय?"

मग कोणीच येईना.

लेक रडायला लागली. बाईने तिचा हात धरला आणि वर चालायला लागली. छत्री टाकून. तिच्या डोळ्यांसमोर फक्त पाटी होती, आणि पाटीवर मोडलेला खुबा.

दुसऱ्या वळणावर तो दिसला.

चालत येत होता. पायात साधे कॅनव्हासचे बूट, एका हाताने सायकल धरलेली, आणि प्रत्येक पाऊल मुद्दाम धप्प, धप्प आपटत. हाडाला ऐकू जावं म्हणून. पाठीवर नंबर भिजून लोंबत होता.

लेक आधी जाऊन त्याला मिठी मारून, मग एक चापट मारून, सायकल हिसकावून पुढे गेली. समजूतदार पोरगी.

"उशीर केलात," बाई म्हणाली.

"चव्वेचाळीस वर्षं गेली, त्यात तासभराचं काय..." तो समोर येऊन थांबला. दोन्ही पाय जमिनीवर. "वर उभा होतो. शिट्टी झाली. रस्ता असा चमकत होता... तेव्हापण असाच होता. आणि वाटलं, खाली कुणी नसेल तर पहिला येऊन करू काय? सायकलवरून उतरलो, पिशवीतले हे साधे घातले. ते बूट वरच राहिले, टाकीपाशी."

"मी येणार नव्हते."

"माहितीय. म्हणून तर चालत आलो. तुम्ही सापडेपर्यंत चालायचं ठरवलं होतं." त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "एक सांगू? तेव्हा सहाव्या आठवड्यात तुम्ही नव्हता. मी बाहेर येऊन तारेचा फॉर्म भरला होता. सगळ्या गावाच्या तारा पोचवल्या मी, पण ती तशीच राहिली. पत्ता कुणी देईना. बायकोला सांगितलं होतं हे मी, ती खूप हसायची. म्हणायची, बिचारी तार."

"कुठाय ती?"

"हरवली कधीच. पण मजकूर पाठ आहे. तारेत मोजकंच लिहायचं असतं." त्याचे कान लाल झाले होते, अडुसष्टाव्या वर्षी! "श्वास अजून धरलाय. कळवा."

भुरभुर चालूच होती. खाली कुणीतरी ढेरपोट्याच्या गळ्यात हार घालत होतं, टाळ्या वाजत होत्या. बाईने हात पुढे केला, त्याच्या ओल्या शर्टावरून गळ्याखालच्या हाडाचा तो वळसा शोधला. होता तिथेच. बोट ठेवलं.

"सोडा," ती म्हणाली.