लोखंडाचा वाळा

कागदी पाट्या लिहायच्या, काचेच्या पेट्यांत लावायच्या आणि पाचच्या आत फुलपाड्याला घर गाठायचं, एवढंच काम होतं. रुचिताबाई चित्रकला शिकवायच्या, अक्षर वळणदार. म्हणून सांडोरच्या नव्या गावसंग्रहालयाने त्यांना बोलावलेलं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी.

शेवटची पाटी आत्मारामभाऊंनी स्वतः सांगितली. संग्रहालय त्यांचंच, ती वस्तूही त्यांच्याच वाडीतल्या विहिरीचा गाळ काढताना निघालेली.

"लिहा, बाळाचा वाळा. पारंपरिक दागिना."

बाईंनी ते कडं हातात घेतलं. बोटभर जाड लोखंड, वर कुलपाचं भोक!

"अहो भाऊ, लेकराला कुणी लोखंडाचा वाळा घालतं का? ही बेडी आहे. पोर्तुगीजांच्या काळात इथे गुलाम होतेच की."

"असतील! पण आमच्याच वाडवडिलांच्या विहिरीत कशी आली, हे लोक मला विचारणार. दागिनाच लिहा."

भाऊ गेले. बाईंनी 'बाळाचा वाळा' लिहिलं, पेटीत कडं आणि पाटी ठेवून कुलूप लावलं. भर दुपारी तीनला वीज गेली, पंखा थांबला. आणि मागे काहीतरी वाजलं.

खण्ण. एक पाऊल पडावं तेवढा वेळ गेला, पुन्हा खण्ण... गाळाचा ओला वास खोलीभर दाटला.

"कोण... कोण आहे?"

आवाज त्यांच्या पाठीशी येऊन थांबला. बाईंना भीती वाटलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या त्या सुंदर अक्षराची लाज वाटली. त्यांनी पेटी उघडली, पाटी टराटरा फाडली आणि नवी लिहिली: 'लहान मुलाच्या पायातली बेडी. मुलाचं नाव माहीत नाही.' मग कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून त्या घरी गेल्या.

सकाळी भाऊंचा पारा चढलेला. "काढा ती पाटी! आत्ताच्या आत्ता!"

"नाही काढणार." बाईंनी किल्ली पुढे केली. "हिंमत असेल तर तुम्ही काढा."

भाऊंनी किल्ली हिसकावली, पेटीवर वाकले आणि तिथेच थिजले. कुलूप जसंच्या तसं होतं. पाटीवरचा 'नाही' तेवढा पुसलेला. 'मुलाचं नाव माहीत', एवढंच उरलं होतं. पुसल्या जागी गाळाने माखलेल्या एका इवल्याशा बोटाचा ठसा.

"कुणाला माहीत आहे, भाऊ?" बाईंनी हळूच विचारलं.

भाऊंनी किल्ली पेटीवर ठेवली. ते दाराकडे वळले. त्यांनी एक पाऊल टाकलं, आणि मागोमाग वाजलं, खण्ण.