फ्लॉसीने घर शाकारलं

शिडी घसरली तेव्हा फ्लॉसी छपरावर बसून फुटकं कौल उचकटत होती. खाली अंगणात लाकूड आपटल्याचा आवाज झाला, बदामाच्या झाडावरचे कावळे उडाले आणि मग सगळं पुन्हा शांत झालं. तिने वाकून पाहिलं. शिडी गवतात आडवी पडली होती. मम्मी आगाशीच्या बाजाराला गेलेली... आणि नंदाखाल गावातल्या त्या गल्लीत भर दुपारी कोण येणार?

ऑक्टोबरचं ऊन. कौलं चटके देत होती. हाक मारावी तर शेजारी येतील, आणि छपरावर चढणं हे मुलींचं काम नाही, असं शेजाऱ्यांनी तिला आधीच बजावलं होतं. म्हणून ती गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली – जणू मुद्दामच वारा खायला वर आली आहे.

तेवढ्यात गल्लीत सायकलची घंटी वाजली. एक उंच, सावळा तरुण एक पाय जमिनीला टेकवून वर बघत होता.

“कौलं मोजताय का?” त्याने विचारलं.

“हो,” फ्लॉसी म्हणाली. “मोजून झाली की उतरणार आहे.”

“बरं. मोजा मग.” आणि त्याने खरंच पेडल मारलं.

“अहो...”

सायकल थांबली. तो मागे वळला नाही, पण त्याचे खांदे हसत होते.

“शिडी पडलीय,” ती हळूच म्हणाली.

“ते मघाशीच दिसलं. तुम्ही सांगता का, ते बघत होतो.”

त्याने शिडी लावली आणि ती उतरेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. जमिनीवर पाय टेकताना फ्लॉसीची चप्पल निसटली आणि ती धडपडली. त्याला ते दिसलं असणारच, पण तो लगेच बदामाकडे बघू लागला. तिला ते आवडलं. मग विहिरीजवळ पडलेला दोर घेऊन त्याने शिडीचं वरचं टोक वाशाला अशी गाठ मारून बांधलं की ती हलेना.

“जहाजावर शिडी न बांधता चढलं तर शिव्या खाव्या लागतात,” तो म्हणाला. “मी युजीन. मागच्या आळीत राहतो.”

जहाज हा शब्द ऐकला आणि फ्लॉसीच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं मावळलं.

तिचे वडील, बॅप्टिस्ट, जन्मभर जहाजावर होते. ते रजेवर आले की घरात रंगाचे डबे यायचे, दारं-खिडक्या चकचकीत व्हायच्या, आणि मग एका पहाटे बॅग उचलून ते निघून जायचे. मधल्या काळात गळणारं छप्पर आणि रुसलेली मम्मी, दोन्ही फ्लॉसीच्या वाट्याला. वडील वारले, थोरला भाऊ ऑस्टिन कॅनडाला गेला, आणि ते मोठं कौलारू घर दोघी बायकांवर येऊन पडलं. जहाजावरचा नवरा नको, हे फ्लॉसीने मम्मीला, मैत्रिणींना आणि स्थळ घेऊन येणाऱ्या फिलोमिनाआंटीला कितीदा सांगून झालं होतं.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, स्वयंपाकघरातली, कौलं पेलणारी एक कुजलेली रीप मोडली आणि कौलं खाली आली. मम्मी नुकतीच चुलीपुढून उठली होती म्हणून वाचली. ऑस्टिनने फोनवर सगळं ऐकलं आणि ठरवूनच टाकलं : घर विकायचं, नायगावला फ्लॅट घ्यायचा, नाताळला तो येईल तेव्हा व्यवहार उरकायचा. फ्लॉसी फोनवरच रडली. नाताळपर्यंत घर नीट करून दाखवते, म्हणाली. ऑस्टिन प्रेमाने हसला. त्याला वाटलं, कुणी कामाला येणारच नाही.

आणि तसंच झालं. सुतार, गवंडी, सगळे विरार आणि नायगावच्या नव्या इमारतींच्या कामावर. एक जण आला, चहा प्याला, उद्या येतो म्हणाला आणि पुन्हा दिसलाच नाही. शेवटी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या फ्लॉसीने दिवाळीच्या सुट्टीत आगाशीच्या दुकानातून हातोडी, खिळे आणि रिपा आणल्या आणि स्वतःच वर चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी युजीन दारात उभा. हातात पत्र्याची हत्यारपेटी. घरी बसून कंटाळा आलाय, म्हणाला. मम्मीने त्याला आत घेतलं, फ्लॉसीने फक्त मान हलवली. रजा संपली की जाणारा माणूस, तिने स्वतःला बजावलं. त्याची हत्यारं वापरायला काय हरकत आहे?

युजीन इंजिनरूममध्ये फिटर होता. लोखंडातलं त्याला सगळं कळत होतं, लाकडातलं मात्र फारसं नाही. अडकणारं स्वयंपाकघराचं दार त्याने रंधा मारून इतकं सैल केलं की खालच्या फटीतून शेजारची मांजर ये-जा करू लागली. खिडक्यांना त्याने घरी उरलेला रंग फासला, आणि रंग वाळल्यावर कळलं की तो जहाजाचा राखाडी आहे. मम्मीने बराच वेळ खिडकीकडे बघितलं, मग विचारलं, हे घर बंदरातून कधी सुटणार आहे? त्या दिवशी फ्लॉसी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग दोघांनी मिळून तो रंग खरवडला आणि हिरवा लावला.

छपरावर ती रिपा ठोकायची आणि तो खालून कौलं द्यायचा. कधी उलटं. कौल हातातून हातात जाताना बोटं बोटांना लागायची, आणि मग दोघांपैकी एकाला उगाचच कौलावरची धूळ झटकावीशी वाटायची. तिच्या गालाला चुना लागलेला असला तर तो सांगायचा नाही. संध्याकाळी आरशात बघितल्यावर तिला कळायचं आणि दुसऱ्या दिवशी ती भांडायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

एका संध्याकाळी काम थांबवून दोघं वरच बसले होते. केळीच्या आणि माडांच्या पलीकडे अर्नाळ्याच्या बाजूला आभाळ केशरी झालं होतं. खारा वारा येत होता. रजेचे दिवस असे दुसऱ्याच्या छपरावर का घालवतोस, असं फ्लॉसीने विचारलं... सहजच विचारल्यासारखं.

युजीनने शेजारच्या कौलावर हात फिरवला. “जहाजावर रोज काही ना काही दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “पण कॉन्ट्रॅक्ट संपलं की बॅग घेऊन उतरायचं. ते पुढे चाललं की बंद पडलं, आपल्याला कळतही नाही. इथे मी काल ठोकलेली रीप आज बघायला मिळते.”

फ्लॉसी हत्यारं गोळा करून खाली उतरली. पण त्या रात्री तिला झोप लागायला उशीर झाला, आणि सकाळी आपण सायकलच्या घंटीची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर ती घाबरली. जे करायचं नाही असं इतकी वर्षं ठरवलं, नेमकं तेच होऊन बसलं होतं.

नोव्हेंबर संपता संपता युजीनला जहाजाच्या एजंटचा फोन आला. न्हाणीघराच्या दाराला बिजागरी लावता लावता युजीनने ते सांगितलं. जानेवारीत सिंगापूरहून जहाज. तो तिच्याकडे बघत होता, तिने काहीतरी म्हणावं म्हणून थांबला होता.

“बरं,” फ्लॉसी म्हणाली. “त्याआधी हे दार तेवढं लावून द्या.”

त्या ‘द्या’ने युजीनचा हात थांबला. मग तो पुन्हा स्क्रू पिळू लागला. त्यानंतर तो रोज यायचा थांबला. आलाच तर मम्मीशी बोलायचा, काम करायचा आणि चहा न घेता जायचा. एकदा तो मुंबईला गेल्याचं कळलं. एजंटकडे, मम्मी म्हणाली. फ्लॉसीने उरलेल्या भिंतींना एकटीनेच चुना दिला, आणि डोळ्यांत पाणी आलं की चुना गेला म्हणायची.

ऑस्टिन आला. विमानातून उतरून थेट घरी, हातात चॉकलेटांच्या पिशव्या. हिरव्या खिडक्या आणि पांढऱ्या भिंती बघून तो चकित झाला. सगळीकडे हात फिरवत हिंडला. पण रात्री जेवताना त्याने सांगितलं की रंग निराळा आणि छप्पर निराळं. पुढच्या पावसात मम्मीच्या डोक्यावर काही पडलं तर तो तिकडे टोरांटोत काय करणार? तो रागाने बोलत नव्हता. त्याचा आवाज कापत होता, आणि म्हणूनच फ्लॉसी वाद न घालता ताटं उचलू लागली. घर घेणारा माणूस नाताळनंतर येणार होता.

नाताळ दोन दिवसांवर आला. ओटीवर फ्लॉसी आणि ऑस्टिन मिळून येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बांधत होते, ऑस्टिन गवत पसरत होता, आणि आभाळ अचानक काळं झालं. डिसेंबरात. माडांच्या झावळ्या सळसळल्या आणि बघता बघता पाऊस कोसळू लागला, असा की समोरची विहीर दिसेना.

मम्मीने सवयीने टोपं, पातेली, बादल्या काढल्या आणि नेहमीच्या जागी मांडल्या. मग तिघंही स्वयंपाकघरात उभे राहिले. वर कौलांवर नुसता धडधडाट. फ्लॉसीचे डोळे वाशांवर खिळले होते. आता टपकेल... आता. तिने मम्मीचा हात धरला होता, की मम्मीने तिचा, कुणास ठाऊक.

मागचं दार ढकलून युजीन आत आला. नखशिखान्त भिजलेला, खांद्यावर मोठी ताडपत्री, दम लागलेला. तोही वर बघू लागला.

पाऊस पडत राहिला. पातेली कोरडीच राहिली.

आणि मग आतल्या खोलीतून टप्... टप्. सगळे धावले. ऑस्टिनच्या उघड्या सुटकेसमध्ये, घडी घातलेल्या कोटावर पाणी पडत होतं.

“हा कोपरा माझा,” युजीन ओशाळून म्हणाला. “बाकी सगळं हिने केलंय.”

ऑस्टिनने कोटाकडे बघितलं, छपराकडे बघितलं, भिजलेल्या युजीनकडे बघितलं, आणि तो हसायला लागला. किती दिवसांनी त्या घरात असं कुणी हसत होतं. हसता हसता तो पलंगावर बसला आणि त्याने हातांनी चेहरा पुसला. मग मम्मीकडे वळून त्याने हळू आवाजात विचारलं, तुला काय हवंय?

“हे आधी कुणी विचारलंच नाही,” मम्मी म्हणाली. “लिफ्ट असलेलं घर मला चाललं असतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मुलीने हे छप्पर घातलंय. मी याच्याखालीच राहीन.”

ऑस्टिनने मान डोलावली. घर घेणाऱ्या माणसाला येऊ नको म्हणून कळवतो, म्हणाला. त्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा चेहरा झाला होता. पुढच्या पावसाळ्यात फोन वाजला की त्याच्या काळजात धस्स होणार नव्हतं.

फ्लॉसीला तिथे उभं राहवेना. ती मागच्या दाराने बाहेर आली. पाऊस आता भुरभुरत होता. पागोळ्या गळत होत्या. युजीन तिच्या मागे येऊन उभा राहिला. घर वाचलं होतं. आता दुसरं काय ते एकदा विचारून टाकावं, तिने ठरवलं.

“सिंगापूरला कधी निघायचंय?”

“नाही निघायचं.”

तिने वळून बघितलं.

“एजंटला सांगायला गेलो होतो मुंबईला,” तो म्हणाला. “अर्नाळ्याला सॅन्टन म्हणून माझा मित्र आहे. होड्यांच्या इंजिनांचं गॅरेज काढतोय, त्याला जोडीदार हवा होता. जागेचं काल नक्की झालं. ते व्हायच्या आधी तुला सांगितलं असतं आणि फिसकटलं असतं तर... तू आधीच ‘तुम्ही’वर गेली होतीस.”

“माझ्यासाठी सोडलंस?” फ्लॉसीचा आवाज बारीक झाला. तिला कुणाचं आयुष्य अडवून धरायचं नव्हतं.

“नाही. माझ्यासाठी. मला एका जागी राहायचंय, फ्लॉसी. ते तू भेटायच्या आधीपासून होतं. तुझ्यासाठी निराळंच काहीतरी आहे.” तो थांबला. केसांतून पाणी त्याच्या नाकावर ओघळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. “लग्न करशील माझ्याशी?”

गेले कित्येक दिवस फ्लॉसीने या प्रश्नाचं उत्तर मनात घोळवलं होतं. समुद्र, वडील, मम्मीने वाट बघण्यात घालवलेली वर्षं, सगळं त्यात होतं. ते आता एकदम निरुपयोगी झालं.

“हो,” ती म्हणाली, आणि मागच्या पायरीवर मटकन बसली.

युजीन घाबरून खाली वाकला. काय झालं, असं विचारू लागला. तिने मान हलवली, त्याचा ओला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला शेजारी बसवलं. पायरीवर पाणी साचलं होतं, आतून मम्मी दोघांना चहाला हाका मारत होती, आणि दोघांपैकी कुणालाही एवढ्यात उठायचं नव्हतं.