एक्केचाळिसाव्या पाठाचा सूड

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका अपमानित स्त्रीने घेतलेल्या सुडाची हकीगत आपणांपुढे निवेदन करणार आहे. या सुडात शस्त्र नाही, विष नाही, रक्ताचा एक थेंबही नाही. आहे ते केवळ एक यंत्र आणि आपल्याकडील पाहुणे नित्य पाळतात तो एक साधा रिवाज. ही घटना अद्याप घडलेली नाही. परंतु ती घडण्यास फार वर्षे लागतील असे मला वाटत नाही. कृपया मन लावून वाचावे.

"ताई, वाईच मान सरळ ठेवा. पट्टा घसराय लागलाय."

तासगावच्या एका बेदाणा शीतगृहाच्या मागील खोलीत अनघा बिरनाळे लाकडी खुर्चीवर बसली होती. सकाळपासून तिने बेदाण्याची प्रतवारी केली होती व बोटांचा चिकटपणा धुऊनही गेला नव्हता. 'सेतुभाषा' कंपनीचा यंत्रचालक नझीर मुल्ला तिच्या कपाळाभोवती एक करडा पट्टा आवळीत होता. पट्ट्यापासून निघालेली बारीक तार टेबलावरील पेटीत गेली होती.

"दोन वर्षांनी आठवण झाली तुमच्या साहेबांना," अनघा म्हणाली.

"आठवण कसली, ताई! तुमची छाया बिघडलीया. पोरं म्हणत्यात, बाई वाचत्यात पण बाईंचं ध्यानच नाही. म्हणून धाडलं मला."

ही छाया म्हणजे काय, ते येथे सांगणे अवश्य आहे. सांगलीची सेतुभाषा कंपनी मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या स्पॅनिश भाषक विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवीत असे. प्रत्येक पाठात एक सांस्कृतिक उतारा असे. इंग्रज मनुष्य रांगेत कसा उभा राहतो, शेजाऱ्याशी हवेबद्दल का बोलतो, मुलाखतीस किती मिनिटे आधी पोहोचतो, अशा त्यातील गोष्टी. शिकविणारी व्यक्ती मात्र हाडामांसाची नव्हती. ती छायागुरू होती. एका खऱ्या शिक्षिकेचा आवाज, हसणे, धीर देणे आणि रागावणे या सर्वांचा 'स्वभावठसा' कपाळपट्ट्याने उचलून यंत्रात भरला होता. ती शिक्षिका म्हणजे अनघा. एकाच वेळी चाळीस लक्ष विद्यार्थ्यांपुढे तिची छाया बसत असे.

परंतु स्वभावठसा हा रंगाप्रमाणे विटतो. तो पुन्हा भरावयाचा, तर मूळ व्यक्तीस तीन दिवस पट्टा बांधून उतारे वाचावे लागतात. पट्टा शब्द टिपीत नाही. शब्द उच्चारताना मनाचा कल कोणीकडे होता, तेवढाच टिपतो.

"चालू करू का, ताई?" नझीरने विचारले.

"नको," अनघा म्हणाली.

"करू की. उशीर होतोय."

"नको हो."

"अहो, करू या आता!"

"बरं, करा."

नझीरला यात काही वावगे वाटले नाही. त्याच्या घरी पाहुणाही तिसऱ्या आग्रहाखेरीज चहाला हात लावीत नसे. त्या तीन दिवसांत उतारे वाचले गेले साठ. प्रत्येकापूर्वी त्याने तीनदा विचारले, आणि अनघाने दोनदा नाकारून तिसऱ्यांदा होकार दिला. तो प्रत्येक नकार तिने अंतःकरणाच्या तळापासून उच्चारला होता. कारण प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांपुढे राजवर्धन शेडबाळे यांचा चेहरा होता.

शेडबाळे हे सेतुभाषेचे मालक. तीन वर्षांपूर्वी एक्केचाळिसावा पाठ त्यांनी स्वहस्ते लिहिला. त्यात असे होते की, इंग्रज यजमानाने काही देऊ केल्यास सभ्य मनुष्य प्रथम दोनदा नकार देतो व तिसऱ्यांदा स्वीकारतो.

"साहेब, ही रीत आपली आहे, त्यांची नाही," अनघाने तेव्हा सांगितले होते.

"सभ्य माणसं जगात सगळीकडं सारखीच असतात, मॅडम. पहिल्या झटक्यात हो म्हणतं का कुणी?"

"तुम्ही इंग्लंडला गेलाय का कधी?"

"तुम्ही गेलाय?" शेडबाळे हसले. तेथेच तो विषय संपला.

मौजेची गोष्ट अशी की, हे गृहस्थ स्वतः कोणासही आग्रह करीत नसत. त्यांच्या कचेरीत पाहुण्याने एकदा नको म्हटले की चहाचा कप माघारी जाई. एकदा विचारले, संपले, असा त्यांचा बाणा होता.

पुढे बोलिव्हियातील पोतोसी गावच्या येसेनिया कोंदोरी नामक तरुणीची पडद्यावरून मुलाखत झाली. आयर्लंडमधील एका वृद्धाश्रमास परिचारिका हवी होती. आश्रमाच्या बाईंनी सर्व प्रश्न विचारून प्रसन्न मुद्रेने म्हटले, "मग येणार का आमच्याकडे?" येसेनियाने पाठात शिकविल्याप्रमाणे गोड हसून उत्तर दिले, "नको, आभारी आहे." बाईंनी शुभेच्छा दिल्या व पडदा बंद झाला. ती मुलगी दुसऱ्या विचारणेची वाट पाहत चाळीस मिनिटे त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

तिची तक्रार आली, वृत्तपत्रांत गाजली. शेडबाळे यांनी जाहीर पत्रक काढले की, सदर पाठ अनघा बिरनाळे यांनी हलगर्जीपणे लिहिला असून त्यांना कामावरून दूर करण्यात आले आहे. त्या दिवसापासून अनघाला कोणत्याही शाळेने उभे केले नाही. तिचे नाव बुडाले आणि तिची छाया मात्र करारानुसार कंपनीपाशी राहिली.

येसेनियाने तिला प्रथम शिव्याशाप देणारे पत्र लिहिले. अनघाने जे घडले ते कळविले. मग दोघींचा पत्रव्यवहार वाढला. येसेनियाच्या एका पत्रातील वाक्य अनघाने पाठ करून ठेवले होते: "बाई, त्या माणसाला सोडू नका."

ती सोडणार नव्हती. तिने एवढेच योजले होते की, शेडबाळे यांना त्यांचा स्वतःचा पाठ एकदा चारचौघांत भोगावयास लावावा. ठशात भरलेले आपले दोन नकार कंपनी चाचणीत पकडील अशी तिला भीती होती. परंतु चाचणी घेणाऱ्या चौघीजणी सांगली-मिरजेच्याच. छायागुरूने दोनदा नको म्हटल्यावर त्यांनी सवयीने तिसऱ्यांदा "अहो, घ्या ना पाठ" म्हटले आणि यंत्र उत्तम असल्याचा शेरा मारला.

त्यानंतरच्या मंगळवारी अकरा देशांचे शिक्षणाधिकारी दुपारी सांगलीस आले. सेतुभाषेचे पाठ त्या देशांतील सर्व सरकारी शाळांत लागू करावयाचे की नाही, हे त्या दिवशी ठरणार होते. सभागृहातील दृश्य सर्वत्र दाखविले जात होते. अनघा बेदाण्याच्या खोक्यांमध्ये मोबाइल टेकवून पाहत होती.

शेडबाळे इंग्रजीत म्हणाले, "बाई, आपण पाठ सुरू करू या का?" पाठाचा आरंभ विद्यार्थ्याने अशी विनंती करूनच होत असे, कारण तोही एक सरावच होता.

भव्य पडद्यावर अनघाचा चेहरा उमटला. "नको, आभारी आहे," छाया विनयाने म्हणाली.

सभागृहात थोडे हसू पिकले. शेडबाळे यांनी कपाळ पुसले. त्या मनुष्याने आयुष्यात प्रथमच कोणास दुसऱ्यांदा विचारले असावे. "बाई, सुरू करू या ना?"

"नको, खरंच नको."

बाजूस उभा असलेला नझीर पुढे आला. "साहेब, अजून एकदा इचारा की!"

"गप्प बस तू!" शेडबाळे ओरडले. तेही सर्वत्र ऐकू गेले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा बंद केला. अकरा पाहुण्यांनी आपापल्या पिशव्या उचलल्या.

अनघा हसली. कित्येक महिन्यांनी ती एवढ्या मोठ्याने हसली की, पलीकडील बायका विचारू लागल्या, "काय गं, लॉटरी लागली का काय?"

"लागली," ती म्हणाली.

सायंकाळी शेडबाळे यांचा फोन आला. "हे तुम्ही केलंय, मला माहीत आहे. दुरुस्त करून देणार का?"

"नको," अनघा म्हणाली.

फोन तत्क्षणी बंद झाला. तो पुन्हा वाजेल असे तिला वाटले होते. तो वाजला नाही, आणि त्याचेही तिला त्या वेळी समाधानच वाटले.

बुधवारी सकाळी येसेनियाचा निरोप आला. "बाई, तुम्हांला चकित करायचं म्हणून सांगितलं नव्हतं. मी पाच महिन्यांपासून पुन्हा पहिल्या पाठापासून शिकते आहे. त्या कंपनीचा मला राग आहे, पण आवाज तुमचा आहे म्हणून शिकते. सोमवारी माझी दुसऱ्या वृद्धाश्रमात मुलाखत आहे. शेवटचा सरावपाठ तेवढा राहिला होता. काल तुमच्या छायेनं मला दोनदा नको म्हटलं. माझं काय चुकलं?"

अनघाने घाईघाईने सर्व हकीगत लिहिली. शेवटी लिहिले, "तिसऱ्यांदा विचार. ती नक्की शिकवील."

उत्तर येण्यास तास लागला. "म्हणजे माझा सूड तुम्ही माझ्यावरच घेतलात. ज्यांना तुमचं पत्र येणार नाही, त्या मुलांना कोण सांगणार? एकदा दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत मी बसले होते. आता मी कुणाला तिसऱ्यांदा विचारत नाही, तुम्हांलाही नाही. सोमवारी सकाळी मी तुमच्या छायेला एकदाच विचारीन."

अनघाने नझीरला फोन लावला. "नझीरभाई, पोरं तिसऱ्यांदा विचारतात का हो?"

"शंभरातली सात इचारत्यात, ताई."

"आणि बाकीची?"

"बाकीची उठून जात्यात. काय करतील? बाईच नको म्हणतीया."

गुरुवारी अनघा सांगलीस कंपनीच्या दारात उभी राहिली. शेडबाळे यांची दाढी वाढली होती. त्यांनी तिला बसा म्हटले नाही.

"एक्केचाळिसावा पाठ कुणी लिहिला ते आधी पत्रकात छापा," ती म्हणाली. "मग मी पट्टा बांधते."

"आधी काम. पत्रक सोमवारी."

"मागचं पत्रक तर एका दिवसात निघालं होतं."

शेडबाळे खिडकीकडे पाहू लागले. "मी एकदाच विचारतो, मॅडम. ठसा भरून देणार का?"

नकार तिच्या जिभेच्या टोकावर आला. एक शब्द उच्चारला की हा मनुष्य कायमचा बुडणार होता. तिने नझीरकडे पाहिले. तो मान खाली घालून पट्ट्याची तार सोडवीत होता.

"हो," ती म्हणाली.

शुक्रवारपासून रविवारपर्यंत तिने साठही उतारे पुन्हा वाचले. प्रत्येकापूर्वी नझीरने एकदाच विचारले आणि तिने एकदाच हो म्हटले. काचेच्या भिंतीपलीकडे शेडबाळे येरझारा घालीत होते व त्यांची सावली तिच्या पानावरून सारखी फिरत होती. दर खेपेस तिने डोळे मिटून येसेनियाचा चेहरा आठवण्याचा यत्न केला. कधी तो आठवला. कधी शेडबाळे यांचाच आठवला.

रविवारी सायंकाळी नझीरने तिच्या कपाळावरील पट्टा सोडला. तेथे लाल वळ उठला होता.

"झालं, ताई. आता छाया बरी होईल न्हवं?"

"तुमची पेटी काय सांगते?"

"पेटीला काय कळतंय? ठसा भरलाय एवढंच ती सांगती. कसला भरलाय ते पोरांनी इचारल्यावरच कळायचं."

यंत्रापुढे हो म्हणणे तिच्या ओठांच्या हाती होते. परंतु पट्टा ओठांचे काही टिपीत नाही, हे वाचकांस आरंभीच सांगितले आहे. सोमवारी सकाळी, मुलाखतीच्या एक तास आधी, पोतोसी गावी एक मुलगी पडद्यासमोर बसेल. ती एकदाच विचारील, "बाई, पाठ सुरू करू या का?" त्या क्षणी चाळीस लक्षांची ती बाई तिला काय उत्तर देईल?

हे लिखाण शेवटपर्यंत वाचण्याचे श्रम आपण घेतलेत, त्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
रामलिंग दत्तू म्हेत्रे, विटा