सुशांतची खुर्ची

देवेश माझ्या वर्गात चुकून आला. योगासनांचा हॉल शेजारी होता. झोप येत नाही म्हणून त्याला कुणीतरी तिकडे पाठवलं होतं. घाटकोपरच्या या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी मी लोकांना माफ करायला शिकवते. मनातला राग सुटला की झोप लागते, असं सांगून मी त्याला बसवून घेतलं. खोटं कशाला बोलू, डोळे फार छान होते त्याचे!

माझी पद्धत सोपी. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याच्यावर राग आहे तो तिथे बसलाय असं समजून बोलायचं. देवेशने थोरल्या भावाला बसवलं. सुशांत पिऊन बाईक चालवत होता. मागे बसलेला देवेश वाचला, सुशांत जागीच गेला.

बोलण्याआधी देवेशने खुर्चीपुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला ठेवला.

"हे काय?"

"आमच्या मालवणात आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात, मॅडम."

"रुचिरा म्हण. आणि तिथे कुणी आलेलं नाहीये."

"मग तू कुजबुजतेस का?"

तास संपला तेव्हा पेला रिकामा होता... आणि जागेवरून कुणीच उठलं नव्हतं.

पुढच्या शनिवारीही तेच. खुर्चीची गादी मधोमध दबलेली, हॉलभर पेट्रोलचा वास. मी खुर्चीपासून दोन पावलं मागे सरले. देवेश मात्र खुशीत गप्पा मारत होता. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं वाढत चालली होती.

मी त्याला जिन्यात गाठलं. "तू त्याला माफ करतच नाहीयेस ना?"

"केलं तर जाईल तो." मग माझ्याकडे बघून हळूच — "आणि मला तरी इथे यायला काय कारण उरेल?"

मी लाजले. त्याने येत राहावं असं मलाही वाटत होतं, फार वाटत होतं. पण तो असा खंगताना बघवेना.

"तरीही कर," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

त्यानंतरच्या शनिवारी तो गूळ-पाणी ठेवून खुर्चीसमोर बसला.

"दादा... माका आता तुझो राग नाय रे. जा तू."

दबलेली गादी हळूहळू वर आली. पंखे बंद होते, तरी दाराचा पडदा हलला. देवेश हमसून हमसून रडला आणि रडता रडता माझ्या खांद्यावर झोपून गेला. सगळे निघून गेले. मी हलले नाही.

अंधारून आलं तेव्हा तो जागा झाला.

"पुढच्या शनिवारी मी यायचं नाही ना आता?"

"इथे नको," मी म्हणाले. "घरी ये. आईला सांगून ठेवते."