शर्वाणीची सपाट रेघ

तीस प्रयोग, तीस नोंदी, आणि रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट. नाशिकच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती गायधनी पडद्यासमोर खिळून उभ्या होत्या. आलेखाखाली नाव होतं शर्वाणी गायधनी. निकाल : प्रगत विज्ञान तुकडीसाठी अपात्र.

शर्वाणी त्यांची एकुलती एक मुलगी. आणि निकाल देणारा विस्मयमापक त्यांनीच घडवलेला.

पूर्वी अकरावीच्या प्रगत तुकडीत शिरण्यासाठी मुलं शिकवणीत उत्तरं घोकत. गुण फुगत, पण प्रश्न पडायचे बंद होत. वैजयंतीबाईंनी त्यावर तोडगा काढला. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की त्यात एक लहर उठते. मुलाच्या डोक्यावर लहरी टिपणारी टोपी चढवायची, अनपेक्षित वळण घेणारे तीस प्रयोग दाखवायचे आणि लहरी मोजायच्या. ज्याला नवल वाटतं तोच पुढे शोध लावतो, आणि नवल काही घोकता येत नाही, असं त्या ठासून सांगत. सरकारला ते पटलं. फेरतपासणी नाही, हा नियमही त्यांच्याच हातचा.

शर्वाणी वर्षभर धास्तावलेली होती. पुस्तक उघडून एकाच पानावर तासभर बसे, जेवता जेवता घास हातातच राही. वैजयंतीबाई तिला समजावत, की याला अभ्यास लागत नाही, तू फक्त बघायचं. बापाविना वाढलेली ही पोर रांगती असल्यापासून त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत येई. तिच्या प्रत्येक 'का'ला त्यांनी उत्तर दिलं होतं. तिची निवड होणार नाही, हा विचारही त्यांना शिवला नव्हता.

त्यांनी आलेख आपले सहकारी डॉ. इक्बाल तांबोळी यांच्यापुढे ठेवला. यंत्र बिघडलं असणार, म्हणाल्या. तांबोळींनी यंत्र तपासलं. ते ठीक होतं. मग त्यांनी चाचणीचं चित्रण लावलं. तांब्याच्या नळीत चुंबक सोडला, तेव्हा तो रेंगाळत खाली येणार हे ठाऊक असल्यासारखी शर्वाणीची नजर नळीवरून सावकाश खाली सरकत होती. उतारावरून घरंगळणारा डबा मध्येच अडला, तेही तिला अपेक्षित होतं.

"मॅडम, हिला प्रत्येक वेळी पुढचं कळत होतं," तांबोळी म्हणाले. "अंदाज चुकलाच नाही, तर लहर उठणार कुठून?"

"पण हे प्रयोग तिनं पाहिलेले नव्हते."

"नियम माहीत होते. बाकीचं तिनं मनाशी मांडलं. ज्याला काहीच जाणून घ्यायचं नाही त्याची रेघ सपाट येते, आणि ज्याला आधीच समजलंय त्याचीही. आपल्या यंत्राला हा फरक कळत नाही."

वैजयंतीबाई पुन्हा आलेखाकडे वळल्या. राज्यभर सहा वर्षं हे यंत्र चालू होतं. अशा किती सपाट रेघा त्यांनी बाजूला टाकल्या असतील?

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की नोंद तिसाव्या प्रयोगानंतरही चालू होती. निकाल पडद्यावर उमटला तेव्हा टोपी शर्वाणीच्या डोक्यावरच होती. तिथे तरी पोरीला धक्का बसला असेल. त्यांनी आलेख पुढे सरकवला.

तिथेही रेघ सपाट होती.

घरी आल्या तेव्हा शर्वाणी वाणिज्य शाखेचा अर्ज भरत होती. डोळे रडून सुजलेले, अक्षर मात्र नेटकं.

"तुला हे आधीपासून ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"दहावी सुरू झाली तेव्हापासून. तू मला सगळं समजावून सांगितलंस, म्हणून मला नवल वाटणार नाही. नवल वाटलं नाही तर निवड होणार नाही. वर्षभर यात चूक शोधत होते. सापडली नाही."

"मला सांगायचं होतंस, बाळ. खोटी लहर काढता येत नाही, पण मी यंत्र..."

"माझ्यासाठी बदललं असतंस?" शर्वाणीनं मान वर केली. "मग आधी ज्यांना नाकारलं, त्यांना काय सांगणार होतीस?"

शर्वाणी उत्तरासाठी थांबलीच नाही. तिनं अर्जावर सही केली आणि पालकाच्या सहीची जागा दाखवत कागद आईपुढे सरकवला.