उरल्याची घंटा

"मावशी, माह्या पप्पाले चोर म्हणून राहिले," दारातच रीना म्हणाली आणि रडू लागली.

शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात शिलाई मशीनच्या दुकानावरच्या खोलीत इरावती तामस्कर खासगी तपासाचं काम करत. त्यांनी आधी मुलीला पाणी दिलं. खुर्ची रिकामी करायला त्यांचा मावसभाऊ अच्युत धावला आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्यानं जमिनीवर सांडला.

"सावकाश सांग. कुणी म्हटलं?"

"कंपनीनं."

रीनाचे वडील गौतम मेश्राम शहराबाहेर कारखान्यांच्या वस्तीत, उरल्याच्या प्राथमिक शाळेत चौकीदार होते. 'घरोबा बाजार' या दुकानांच्या साखळीनं आपल्या सामाजिक निधीतून ती शाळा दत्तक घेतली होती. नवा रंग, नवे बाक, विजेची घंटा. सोमवारी उद्घाटन. तोवर मुलं शेजारच्या समाजभवनात बसत होती. आणि काल, शुक्रवारी दुपारनंतर व्हरांड्यातली जुनी घंटा गायब झाली होती.

"घंटा पितळेची होती?" अच्युतनं विचारलं.

"नाही भैया. रेल्वेच्या रुळाचा तुकडा. हातभर. ती कंपनीच्या मोठ्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवणार होते. आता म्हणतात, घंटा भेटली नाही तर सोमवारपासून दुसरा चौकीदार."

इरावतींनी चप्पल घातली. "अच्युत, स्कूटर काढ."

उरल्यात सगळ्यावर कारखान्यांची काळी धूळ होती. शाळेच्या कुंपणभिंतीवर तिचा थर होता, मागच्या दाराच्या कडीवरही. इरावतींनी भिंतीला फेरी मारली, ठिकठिकाणी टाचा उंचावून वर पाहिलं, पण कुठंच हात लावला नाही.

गौतम फाटकाशी उभा होता; रीना त्याच्याजवळ जाऊन थांबली. "मॅडम, मी हर एकाची झोळी पाहिली. गुरुजी पायी गेले, त्यांची पाहिली. ठेकेदार मोटारसायकलवर गेले, त्यांची पाहिली. कंपनीची गाडी आली, दप्तरांचे खोके उतरले, रिकामे खोके परत गेले. मालकाच्याच घरचे खोके, ते काहून पाहू?"

"गाडीत कोण होतं?"

"चेतना मॅडम. ड्रायव्हर तर बाहेर टपरीवर चहा पीत होता."

हरिदास गुरुजी व्हरांड्यात रिकाम्या आकड्याखाली उभे होते. "मी विरोध केला होता, लपवत नाही. शाळेची घंटा दुकानात कशाला? पण चोरी मी केली नाही."

"ती वाजवायचं कोण?"

"शिपाई पद्मिनीबाई. मी इथं आलो त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. सुटीच्या वेळी शेवटचं पोर फाटकाबाहेर जाईपर्यंत उभ्या राहायच्या. त्यांची मुलगी इथंच शिकली. पुढं पुण्याला गेली म्हणतात."

एवढ्यात कंपनीची गाडी आली. सामाजिक उपक्रमांची अधिकारी चेतना फोनवर बोलत बोलतच व्हरांडा ओलांडून वर्गात शिरली. दारात तिनं पाऊल चांगलं उंच उचललं.

अच्युत हसला. "ताई, बाई सपाट फरशीवर नाला ओलांडून राहिल्या!"

इरावती हसल्या नाहीत.

"मी मागच्या महिन्यात या कामावर आले," चेतना म्हणाली. "काम पूर्ण झाल्यावरच शाळा पहिल्यांदा पाहिली. घंटेचं मला फारसं माहीत नाही. साहेबांना म्हटलंही, जाऊ द्या. ते ऐकत नाहीत."

ठेकेदार भार्गव वर्गाच्या दाराला शेवटचा हात देत होता. तो उखडलाच. "माझ्यावर शक? लोखंड चोरायला उरल्यात शाळेत कशाला येऊ? इथं तर रस्त्यावर पडलंय!"

"रागावू नका, दादा. काम सुंदर झालंय. दारं नवी?"

तो लगेच निवळला. "दारं जुनीच. उंबरे तेवढे काढले. गुडघ्याएवढे होते, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. आता चाकाची खुर्चीही सरळ आत जाते."

अच्युत ताईच्या कानाशी लागला. "मला तर गौतमच वाटतो. पोरगी रडली म्हणून काय झालं?"

"सगळ्यांना वर्गात बोलाव," इरावती म्हणाल्या.

नव्या बाकांवर सगळे अवघडून बसले. इरावती फळ्यापाशी उभ्या राहिल्या.

"भिंतीवरचा धुळीचा थर सलग आहे. मागच्या कडीवरचाही. म्हणजे घंटा फाटकातूनच गेली. पायी नाही, मोटारसायकलवर नाही, कारण गौतमनं प्रत्येक पिशवी पाहिली."

"गौतमनं पाहिली असं गौतमच सांगतो," भार्गव म्हणाला.

"गुरुजी, तुमची पिशवी पाहिली?"

"पाहिली."

"आणि तुमची, दादा?"

भार्गव ओशाळला. "डबासुद्धा उघडून पाहिला."

"इतकं पाहणारा माणूस स्वतःच चोर असता, तर खोके पाहिले नाहीत हे आपल्या तोंडानं सांगता ना. तेवढीच एक वाट उघडी होती आणि ती त्यानंच मला दाखवली."

अच्युत चक्रावला. "पण ताई, कंपनीच्या बाईंना त्या लोखंडाचं काय करायचं?"

"तेच मला कळत नव्हतं. मग त्या दारातून आत आल्या. लक्ष फोनमध्ये होतं, पण पायाला उंबरा आठवत होता. जो उंबरा त्यांनी कधी पाहिलाच नाही म्हणतात, तो." इरावतींचा आवाज मऊ झाला. "चेतना, पद्मिनीबाई कशा आहेत?"

चेतनानं दोन्ही हातांनी बाक धरला.

"आईला आता काही आठवत नाही. ब्राह्मणपाऱ्यात भाड्याचं घर आहे. रोज दुपारी उठते, म्हणते, सुटी झाली, मले जाऊ दे. दार बंद केलं तर रडते. वाटलं, घंटा घरी असली तर तिचा जीव थाऱ्यावर येईल. काचेत गेली की कायमची गेली."

"आणि गौतम?"

"साहेब त्याला काढतील असं वाटलं नव्हतं. मग बोलायची हिंमत झाली नाही."

"तू गप्प राहिलीस म्हणून ही पोरगी माझ्या दारात आली. आता बोल."

चेतनानं सगळ्यांसमोर फोन लावला, आवाज मोठा ठेवून. "साहेब, घंटा मी नेली. मी याच शाळेत शिकले. गौतमभाऊंचा काही दोष नाही."

पलीकडून साहेब म्हणाले, "चौकीदाराला राहू द्या. तुमच्याबद्दल सोमवारनंतर बोलू."

रीनानं वडिलांचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी चेतना घंटा परत घेऊन आली. सोबत आईही होती. गुरुजींनी घंटा आकड्याला अडकवली, हातोडी पद्मिनीबाईंच्या हातात दिली.

"काल घरी टांगली तेव्हा काय म्हणाल्या?" इरावतींनी हळूच विचारलं.

"काहीच नाही," चेतना म्हणाली. "मला वाटलं, जागा चुकली असेल."

पद्मिनीबाईंनी हातोडी खाली ठेवली. घंटेकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या भिंतीला धरून एकेका वर्गात डोकावत गेल्या. मग फाटकाशी आल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"पोट्टे कुठं गेले वो?" त्यांनी गौतमला विचारलं.

"सोमवारी येतील, बाई."

"हव," त्या म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.