महाफलकावरचा काळा डाग

"गेला! पुन्हा गेला!" गुंडू खुर्चीवर चढून ओरडला.

मैदानाच्या टोकाला चार मजली इमारतीएवढा महाफलक उभा होता. त्यावर धावणाऱ्या खेळाडूचं चित्र झकास दिसत होतं, पण कमरेखाली सगळा काळोख! बिचारा पायांशिवाय धावत होता.

"आत्या, काल डाग डोक्यावर होता ना?" गुंडूच्या ताईने, भिंगरीने, विचारलं.

हा फलक आत्याच्या कारखान्यात बनला होता. बारीक दिव्यांच्या, पाटाएवढ्या शेकडो चौकटी जोडून तिच्या माणसांनी वर्षभर डोळ्यांत तेल घालून तो तयार केला होता. कारखान्यात एकही चौकट कधी विझली नव्हती. इथे मात्र रोज दुपारी हे असं!

तेवढ्यात मैदानाचे व्यवस्थापक तरातरा आले. मुलांनी त्यांचं नाव टोमॅटोसाहेब ठेवलं होतं, कारण त्यांच्या अंगावर सकाळ-संध्याकाळ लालभडक ट्रॅकसूट असायचा. आत्ता दुपारी मात्र ते पांढऱ्या कपड्यांत होते.

"बाई, तुमचा फलक म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं! आता क्रीडा मंडळाच्या अध्यक्षीणबाई येतायत. त्यांनाही हेच दिसलं, तर उद्याच्या अंतिम सामन्याला दुसऱ्यांचा फलक येईल. तुमचा उतरवून न्या!"

"मला एकदा चालू फलकाच्या मागे जाऊन पाहू द्या," आत्या म्हणाली.

"अजिबात नाही! चालू फलकामागे कुणी जायचं नाही, हा माझा नियम आहे. संध्याकाळी बंद झाला की बघा." खिशातली फलकामागच्या दाराची किल्ली खुळखुळवत ते निघून गेले.

"संध्याकाळी मागे सगळं ठीकच असतं," आत्या म्हणाली. "पोरांनो, हा गेला तर पुन्हा कोण आपल्याला काम देणार?"

भिंगरीने आतेभावाला कोपऱ्यात ओढलं. कारखान्यातलं सगळं ठाऊक असल्याने त्याला सगळे पंडित म्हणत.

"पंडित, चौकट विझते कशाने?"

"तापली की जळू नये म्हणून आपोआप बंद पडते. पण प्रत्येकीच्या पाठीला पंखा असतो, तो गरम हवा बाहेर फेकतो."

"मग कुणीतरी पंख्यांचं नाक दाबतंय!" गुंडू म्हणाला. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे तर मिटतंय!"

"तू आधी हातातले ते ओले मोजे लांब धर!" भिंगरी म्हणाली. " काय वास येतोय!"

"मी काय करू? चार दिवस ऊन नाही, वाळतच नाहीत!"

भिंगरी एकदम थांबली. "मग टोमॅटोसाहेबांचा सूट कसा वाळतो? रोज सकाळी चिखलात आपटतात आणि संध्याकाळी तोच सूट खडखडीत वाळलेला!"

तिघांनी एकदमच फलकाकडे पाहिलं. गरम हवा! आणि किल्ली कुणाकडे?

"आत्या, तुझा चाचणीचा कॅमेरा दे! गुंडूने इशारा केला की त्याचं चित्र फलकावर टाक."

"कठड्याबाहेर वाकायचं नाही हं!"

"शप्पथ!"

फलकाला लागूनच प्रेक्षकांची सर्वांत वरची रांग होती. पंडितने कोळिष्टकं काढायची लांबलचक काठी आणली, भिंगरीने बुटांच्या नाड्यांनी कॅमेरा तिच्या टोकाला करकचून बांधला. काठी हळूहळू कडेवरून फलकाच्या मागे सरकली. "अजून डावीकडे! अजून! बस्स!"

खाली अध्यक्षीणबाई आल्या होत्या. टोमॅटोसाहेब त्यांना सांगत होते, "पाहा! अर्धा फलक काळा. सगळा माल टाकाऊ!"

गुंडूने वरून मोजे गरागरा फिरवले. आत्याने बटण दाबलं.

आणि फलकाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर झळकली एक लाल पँट! दोन मजली! गुडघ्याला ठिगळ! वाऱ्यावर मजेत डुलत होती. शेजारी पडदे, चादरी, टॉवेल. पंख्यांवर अख्ख्या घराचं धुणं वाळत होतं!

गवत कापणारे माळीदादा पोट धरून खाली बसले.

"साहेब, ही पँट ओळखीची वाटते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

टोमॅटोसाहेबांचे कान पँटच्या रंगाचे झाले. "मागे इतका छान गरम वारा येतो... म्हटलं, वाया कशाला घालवायचा? त्याने फलक बंद पडतो, हे खरंच ठाऊक नव्हतं हो!"

"आणि बोल मात्र कारखान्याला?"

ते किल्ली घेऊन धावले. आत्याने फलकावर पुन्हा खेळाडूचं चित्र लावलं. एकेक चादर निघाली, फलक गार होत गेला, एकेक चौकट उजळत गेली. शेवटी खेळाडूला पाय फुटले आणि तो धूम पळत सुटला! तोवर तिघं काठी-कॅमेरा घेऊन खाली धावत आली होती.

"चुकलो, बाई," काखेत धुणं सांभाळत टोमॅटोसाहेब आत्याला म्हणाले.

"फलक इथेच राहणार," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि ही तिन्ही हुशार पोरं उद्या माझ्या शेजारी बसून सामना बघणार. शाब्बास रे!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिघांना एकदमच मिठीत घेतलं, आणि मग कॅमेरा उचलून त्यांच्याकडे वळवला. फलकभर तीन चेहरे हसले!

गुंडूने चटकन मोजे पाठीमागे लपवले. पण उशीर झाला होता. चार मजली मोजे सगळ्या मैदानाने पाहिले होते.